मुलगा म्हणतो, "आई, डिस्कस अबाउट नसतं गं!"

या आठवड्याचं पत्र कोथरूडचं आहे. मोठं होतं, कामापुरतं कापून देते.

"ताई, माझं वय ३१, शिक्षण सगळं मराठी मीडियममधून, सध्या हिंजवडीत एका कंपनीत टेस्टिंगला आहे. काम व्यवस्थित येतं, इंग्रजी वाचलेलं-ऐकलेलं सगळं कळतं, पण लिहायला बसले की ते ऑन, इन, टू, विथ, फॉर कुठेही जाऊन पडतात. मागच्या महिन्यात क्लायंटला मेल टाकला, 'वी विल डिस्कस अबाउट धिस ऑन नेक्स्ट मंडे, प्लीज रिव्हर्ट टू राहुल अँड आय.' आमच्या लीडने तो मेल मीटिंगमध्ये स्क्रीनवर लावला आणि सगळ्यांसमोर लाल रंगात दुरुस्त केला. तोंड कुठे लपवू असं झालं. घरी हे नवऱ्याला सांगत होते तर दुसरीतला मुलगा मधेच म्हणतो, आई, डिस्कस अबाउट नसतं गं, टीचर म्हणाल्या. प्रीपोझिशनची एक यादी डाउनलोड करून पाठ करायला घेतली, २०० पर्यंत आले आणि आता आधी येत होतं तेही येईनासं झालंय. प्लीज सजेस्ट मी अ गुड क्लास."

अगं बाई,

आधी तुझ्या लीडचं बोलते, कारण तो डोक्यातून गेल्याशिवाय पुढचं काही डोक्यात जायचं नाही. दुसऱ्याचा मेल स्क्रीनवर लावून लाल करणं ही त्याची हौस झाली, तुला त्यातून काय शिकायला मिळालं? त्याला एकट्याला गाठ आणि सांग की चुका मला हव्याच आहेत, पण चॅटवर पाठव, मीटिंगमध्ये नको. बास. त्याच्यावर याहून जास्त शब्द घालवायची माझी इच्छा नाही.

आता तुझं ते वाक्य. मी ते चारपाचदा वाचलं आणि मला त्यात चार चुका सापडल्या, पण चारी वेगवेगळ्या घरच्या आहेत. दोन थेट मराठीतून आल्यात, एक सगळ्या भारताची मिळून आहे, आणि चौथी बहुतेक तुझ्या शाळेतल्या बाईंनी घातलेली आहे. भारताची म्हणजे 'रिव्हर्ट'. आपल्याकडे सगळी ऑफिसं रिव्हर्ट म्हणजे उत्तर पाठवा अशा अर्थाने लिहितात, बाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणे असा लागतो, तर सरळ 'रिप्लाय' लिही आणि विषय संपव.

डिस्कस अबाउटचं मात्र नीट बघू, कारण ती एक गाठ सुटली की तुझ्या निम्म्या चुका आपोआप जातील असं मला वाटतं. तू मनात वाक्य काय जुळवलंस? 'आपण याबद्दल चर्चा करू.' बघ, मराठीत डिस्कसला एकटं क्रियापदच नाही आपल्या रोजच्या बोलण्यात, आपण 'चर्चा' हे नाम घेतो आणि त्याला 'करणे' जोडतो, आणि तो 'बद्दल' असतो ना तो करण्याला चिकटलेला नसतो, तो चर्चेला चिकटलेला असतो. असं आपण ढीगभर ठिकाणी करतो. पुण्याला भेट देणे. ग्राहकाशी संपर्क साधणे. क्वालिटीवर भर देणे. हॉलमध्ये प्रवेश करणे. प्रश्नाला उत्तर देणे. रजेसाठी विनंती करणे. प्रत्येक ठिकाणी क्रियापदाच्या पोटात एक नाम बसलेलं आहे आणि ते नाम माहेरची पाठराखीण आणावी तसं आपलं ला, शी, वर, मध्ये बरोबर घेऊन आलंय.

इंग्रजीत हेच शब्द दोन्ही वेषांत फिरतात. नामाच्या वेषात असले की त्यांनाही पाठराखीण लागते, अगदी आपल्यासारखी: अ डिस्कशन अबाउट द बजेट, अ व्हिजिट टू पुणे, इन कॉन्टॅक्ट विथ द क्लायंट, एम्फसिस ऑन क्वालिटी, ॲन आन्सर टू द क्वेश्चन, अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह, ॲन ऑर्डर फॉर टू कॉफीज. पण तोच शब्द क्रियापद झाला की मधली बाई गळून पडते आणि तो सरळ जाऊन कर्माचा हात धरतो. डिस्कस द बजेट, व्हिजिट पुणे, कॉन्टॅक्ट द क्लायंट, एम्फसाइज क्वालिटी, आन्सर द क्वेश्चन, रिक्वेस्ट लीव्ह, ऑर्डर टू कॉफीज. म्हणून 'आय ऑर्डर्ड फॉर कॉफी' आणि 'प्लीज कॉन्टॅक्ट टू मी' आणि 'वी विल एम्फसाइज ऑन टेस्टिंग' ही सगळी एकाच आईची लेकरं आहेत, प्रत्येक वेगळं पाठ करायची गरज नाही. लिहिताना एवढंच बघायचं की त्या शब्दाच्या आधी अ, द, माय, युअर असलं काही लागतंय का. लागलं तर नाम, मग पाठराखीण बोलव. 'माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह', पण 'आय रिक्वेस्ट लीव्ह'.

आणि तुला हे येत नाही असं समजू नकोस हं. आपण 'तुझ्यावर प्रेम करतो' म्हणतो, त्यात चांगला 'वर' आहे, तरी आजवर एकाही मराठी मुलाने 'आय लव्ह ऑन यू' म्हटलेलं मी ऐकलं नाही. कारण ते वाक्य कुणी जुळवत बसत नाही, अख्खं उचललेलं असतं. नाम केलंस तर मात्र लगेच 'माय लव्ह फॉर यू'. विश्वासाचंही तेच, माझ्यावर विश्वास ठेव म्हणजे 'ट्रस्ट मी', सुटसुटीत.

अर्थात सगळी क्रियापदं अशी एकटी राहणारी नाहीत, काहींना जन्माची सोबत लागते. टॉक अबाउट इट, वेट फॉर मी, लुक ॲट मी, लिसन टू मी. ही आपल्याला उलटी नडतात, कारण आपण 'माझं ऐक' म्हणतो, मध्ये काहीच नाही, म्हणून 'लिसन मी' होतं. आणि 'अँग्री ऑन मी' हा आपल्या 'माझ्यावर रागावलाय'चा सरळ फोटो. तिकडे 'अँग्री विथ मी' किंवा 'ॲट मी'.

आता 'ऑन नेक्स्ट मंडे'. इथे मला खरं तर तुझं कौतुक वाटलं, कारण मंडेला ऑन लागतो हे तुला पक्कं माहितीये, फक्त नेक्स्टने घोळ केला. ॲट, ऑन, इन या तिघांना लोक उगाच घाबरतात. तू फोनवर मैत्रिणीला कसं सांगतेस? 'मी स्वारगेटला आहे', 'मी लक्ष्मी रोडवर आहे', 'मी कोथरूडमध्ये राहते'. ला, वर, मध्ये. ॲट स्वारगेट, ऑन लक्ष्मी रोड, इन कोथरूड. एक ठिकाण बोट ठेवून दाखवल्यासारखं, एक रेघ, आणि एक आत शिरण्याएवढी जागा. वेळेचंही बघ, 'पाच वाजता, सोमवारी, मार्चमध्ये', आपणही तिथे तीन वेगवेगळे प्रकार वापरतोच, ॲट फाइव्ह, ऑन मंडे, इन मार्च. आपल्या डोक्यात हे कप्पे आधीपासून आहेत, कुणी शिकवले नाहीत.

फरक कुठे पडतो, तर एक म्हणजे सोमवारच्या मागे 'पुढच्या' आलं तरी आपली ती शेवटची ई जागची हलत नाही, 'पुढच्या सोमवारी'. इंग्रजीत नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यातलं कुणी दारात आलं की ॲट-ऑन-इन मागच्या दाराने पळतात. ऑन मंडे, पण नुसतं नेक्स्ट मंडे. इन मार्च, पण नुसतं लास्ट मार्च. दुसरं म्हणजे गाड्या. आपण बसमध्ये बसतो म्हणून 'इन द बस' म्हणावंसं वाटतं, तिकडे साधारणपणे 'ऑन द बस', आणि रिक्षात किंवा कारमध्ये असलीस तर 'इन'. उभं राहून दोन पावलं चालता येतात त्या वाहनाला ऑन, म्हणजे बस, ट्रेन, मेट्रो, विमान, आणि वाकून शिरून बसावं लागतं त्याला इन. संध्याकाळी सहाच्या पीएमटीत दोन पावलं काय एक पाऊल टेकायला जागा नसते तो भाग वेगळा, तरी ऑनच. (नाव २००७ मध्ये पीएमपीएमएल झालं, पण माझ्या तोंडातून पीएमटी जात नाही आणि जाणारही नाही.) आणि आपली पुण्याची 'गाडी' म्हणजे दुचाकी, तिच्यावर आपण बसतोच, म्हणून 'ऑन माय स्कूटर', तिथे मराठी आणि इंग्रजी सुखाने नांदतात.

एक छोटी गोष्ट आणखी, कारण ती मला स्वतःला फार आवडते. 'रीच टू होम', 'गो टू होम' असं आपले लोक बोलतात. होमला टू का नाही लागत? तर साधारण १००० सालच्या सुमाराच्या इंग्रजीत नामांना आपल्यासारख्याच विभक्त्या होत्या, शब्दाचं शेपूट बदलायचं आणि कोण करतंय, कुणाला, कुणाचं ते कळायचं. पुढच्या दोनतीनशे वर्षांत ती शेपटं जवळपास सगळी झिजून गेली आणि त्यांचं बरंचसं काम या टू-फॉर-विथच्या अंगावर पडलं. 'गो होम' हा त्या जुन्या काळातून उरलेला तुकडा, त्यात 'कडे जाणे' आधीच मुरलेलं आहे. आणि आपलं 'घरी' बघ ना! शाळेत पाठ केलेली सप्तमी आठवते का, त, ई, आ? आपण 'घरामध्ये जा' म्हणत नाही घरी परतायला सांगताना, 'घरी जा' म्हणतो. म्हणजे 'गो होम' हे शब्दाला शब्द 'घरी जा' आहे, आणि तरी आपण तिथे टू घालतो, कमाल आहे. तसंच इकडे, तिकडे, वरती, परदेशी, हे सगळे हिअर, देअर, अपस्टेअर्स, अब्रॉड, कुणालाच टू लागत नाही.

शेपटं झिजली पण एका जागी शिल्लक राहिली, सर्वनामांत. आय-मी, ही-हिम, शी-हर, वी-अस, दे-देम. आणि इथे तुझी चौथी चूक येते, राहुल अँड आय.

ही चूक गंमतीशीर आहे कारण ती अडाणीपणातून येत नाही, जास्त शहाणपणातून येते. लहानपणी पोर म्हणतं 'राहुल अँड मी वेंट', बाई म्हणतात, मी नाही म्हणायचं, राहुल अँड आय म्हणायचं, आणि पोराच्या डोक्यात कायमचं बसतं की 'मी' हा गावठी आणि 'आय' हा सुधारलेला. मग ते सगळीकडे आय घालत सुटतं. त्यात आपल्याला आणखी एक ताप, इंग्रजीतला 'मी' आणि मराठीतला 'मी', उच्चार एकच आणि काम बरोबर उलटं, त्यांचा 'मी' म्हणजे आपला 'मला'. मला तर वाटतं निम्मा गोंधळ त्या एका आवाजाने केलाय.

उपाय सोपा, राहुलला बाजूला काढ. 'रिप्लाय टू आय' म्हणशील? नाही, 'रिप्लाय टू मी'. मग राहुल परत आणून बसव, 'रिप्लाय टू राहुल अँड मी'. टू, फॉर, विथ, फ्रॉम, यातलं काहीही पुढे उभं असलं की आय आत येऊ शकत नाही, जसं आपण 'मीसाठी' आणि 'मीशी' म्हणत नाही, 'माझ्यासाठी', 'माझ्याशी' म्हणतो. आपल्यात तर सर्वनाम पूर्ण कपडे बदलून येतं. फक्त बिट्वीनला ही युक्ती चालत नाही, कारण दोघं असल्याशिवाय 'मध्ये' होत नाही, एकाला काढणार कसं. तिथे दोघांना मिळून 'अस' करून बघ. 'बिट्वीन अस' म्हणतात, 'बिट्वीन वी' कुणी म्हणत नाही, म्हणून 'बिट्वीन यू अँड मी'. आणि हे ऐकून फार शरमू नकोस, शेक्सपिअरच्या एका नाटकातल्या पत्रात 'बिट्वीन यू अँड आय' आहे, म्हणजे ही चूक ४०० वर्षं तरी साहेबाच्या घरातही चालू आहे. लाल रंगवाल्या लीडला सांगायला हे चांगलंय.

तुझ्या मेलमधल्या 'वी'बद्दलही मला एक सांगायचंय, त्याला कुणी लाल केलं नसेल कारण व्याकरणात तो बरोबर आहे. मी २२ वर्षं सदाशिव पेठेत एका छोट्या ऑफिसात भाषांतरं आणि पत्रव्यवहाराचं काम केलं. एकदा भोसरीतल्या एका कारखान्याचं पत्र होतं, मालक मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायची. ते म्हणाले, 'ट्रान्सपोर्टचा खर्च आपण करू', म्हणजे तुम्ही आणि आम्ही मिळून. मी झोकात लिहिलं, 'वी विल बेअर द ट्रान्सपोर्ट कॉस्ट'. समोरच्या पार्टीने वाचलं, हे करणार, छान. बिल आलं तेव्हा मालकांचा चेहरा मला अजून आठवतो. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' हे दोन वेगळे शब्द आहेत, समोरचा त्यात आहे की नाही ते एका शब्दात कळतं, इंग्रजीच्या 'वी'ला ती सोयच नाही. तेव्हापासून पैशाच्या आणि जबाबदारीच्या वाक्यात मी 'वी' एकटा सोडत नाही, 'बोथ कंपनीज विल शेअर' किंवा 'अवर टीम विल डू' असं नाव घेऊन लिहिते. तूही 'वी विल डिस्कस'मध्ये कोण कोण येणार ते लिही. 'अवर टीम वुड लाइक टू डिस्कस धिस विथ यू नेक्स्ट मंडे.' हे वाक्य जसंच्या तसं घे, माझं नाव सांगू नकोस.

त्याच ऑफिसात लग्नाचे बायोडेटाही यायचे इंग्रजी करायला, तिथली एक गोष्ट पण सांगून टाकते. 'माझी एक मैत्रीण' याचं सगळे 'माय वन फ्रेंड' करतात. इंग्रजीत 'माय' आणि 'अ' किंवा 'वन' एकाच खुर्चीवर बसणारे आहेत, दोघांना एकदम बसता येत नाही, म्हणून 'अ फ्रेंड' पुढे बसते आणि माझेपण मागे 'ऑफ माइन' होऊन उभं राहतं. अ फ्रेंड ऑफ माइन. इथे 'मी' नाही, 'माइन'. पण फोटोच्या बाबतीत दोन्ही चालतात आणि अर्थ वेगळा होतो! 'अ फोटो ऑफ मी' म्हणजे ज्यात मी दिसते तो. 'अ फोटो ऑफ माइन' म्हणजे माझ्या फोटोंपैकी एक, मी काढलेला, त्यात कदाचित नुसता सिंहगड असेल. मराठीत दोन्ही 'माझा फोटो'च, म्हणून आपल्याला हा फरक दिसतच नाही. एका मुलीच्या बायोडेटात तिच्या वडिलांनी 'वी आर सेंडिंग अ फोटो ऑफ हर्स' लिहून आणलं होतं, मी म्हटलं काका, 'ऑफ हर' करा, नाहीतर मुलाकडचे लोक म्हणतील हिने काढलेला कुठला तरी फोटो पाठवलाय.

आता तुझं शेवटचं वाक्य, 'प्लीज सजेस्ट मी अ गुड क्लास.' यात पाचवी चूक आहे, पण ती सगळं पुणं करतं, 'सजेस्ट मी अ गुड मिसळ' हे तर रोज वाचते मी. गिव्ह मी, टेल मी, शो मी, सेंड मी, ही इंग्रजीची मूळची घरगुती क्रियापदं, त्यांच्या मांडीवर 'मी' पटकन जाऊन बसतो. सजेस्ट, एक्स्प्लेन, डिस्क्राइब ही लॅटिनकडून आलेली सोवळ्यातली मंडळी, ती बहुतेक वेळा माणसाला थेट शिवू देत नाहीत, मध्ये टू लागतो आणि वस्तू आधी येते. 'एक्स्प्लेन इट टू मी', 'एक्स्प्लेन मी' नाही. 'सजेस्ट अ क्लास', आणि 'मला' ठेवायचंच असेल तर 'टू मी' किंवा नुसतं 'कॅन यू रेकमेंड अ क्लास?' ते जास्त सहज वाटतं.

ती २०० शब्दांची यादी आधी डिलीट कर. यादीत ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत असं लिहिलेलं असतं आणि तिथेच फसायला होतं, कारण 'डिपेंड ऑन मी'मध्ये कोण कुणाच्या वर बसलंय? एकटा ऑन पाठ करण्यात काही अर्थ नाही, तो ज्याच्या मागे किंवा पुढे येतो त्याच्यासकट उचलायचा. मी वहीत लिहिताना कायम मी आणि इट घालून लिहायची: एक्स्प्लेन इट टू मी, रिमाइंड मी ऑफ इट, टेल मी अबाउट इट, वेट फॉर मी, लाफ ॲट मी, हेल्प मी विथ इट. मी आणि इट टाकले की कुठल्या खुर्चीवर कोण बसतं ते डोळ्याला दिसतं, नंतर मीच्या जागी क्लायंट बसव नाहीतर मॅनेजर.

आणि क्लासची पुस्तकं कशाला, तुझ्याकडे फुकटचा खजिना पडलाय. तुझा क्लायंट तिकडचा असेल तर मेलबॉक्सच्या सर्चमध्ये त्याचं नाव आणि 'डिस्कस' टाक, त्याने लिहिलेली पंधरावीस वाक्यं समोर येतील, सगळ्यांत डिस्कसच्या मागून काय येतंय ते नुसतं बघत जा. दुसऱ्या दिवशी 'रिक्वेस्ट'. तिसऱ्या दिवशी 'रिस्पॉन्सिबल'. लंचनंतरची दहा मिनिटं, लीडला वाटेल काम करतेय.

मुलाचं म्हणशील तर त्याला गप्प बसवू नकोस, त्याला कामाला लाव. त्याला विचार की 'टर्न ऑफ द फॅन' चालतं, 'टर्न द फॅन ऑफ' चालतं, 'टर्न इट ऑफ' चालतं, मग 'टर्न ऑफ इट' का चालत नाही? त्याला कारण नाही सांगता येणार पण कान म्हणेल नाही, आणि तेच तुला त्याच्याकडून शिकायचंय. नाम मोठं असतं, ते मध्ये किंवा शेवटी कुठेही बसतं, इट-मी-देम ही चिल्लीपिल्ली, ती मध्येच बसणार. पिक इट अप, कॉल मी बॅक, ड्रॉप मी ऑफ. ऑफिसात 'कॉल बॅक मी' लिहितात ना, ते याच्यामुळे चुकतं. पण मग 'लुक आफ्टर इट' कसं काय, असं त्याने विचारलं तर शाबासकी दे, आणि सांग की तिथे 'आफ्टर' खरा प्रीपोझिशन आहे, तो आपल्या माणसाच्या पुढची जागा सोडत नाही, 'लुक आफ्टर द बेबी'चं 'लुक द बेबी आफ्टर' कधी होत नाही. घरभर फिरून पंखा, टीव्ही, गॅस, चपला सगळ्यांवर हा खेळ करा. एका संध्याकाळीत दोघांचं पक्कं होईल, आणि चपला पण जागेवर जातील.

अरे हो, पत्राच्या मधल्या भागात (इथे छापला नाही) तू विचारलंयस की क्लायंटकडची एकच व्यक्ती असताना लीड तिला 'दे' का म्हणतो, ते चूक नाही का. नाही, इथे तो बरोबर आहे. स्त्री की पुरुष माहीत नसेल किंवा त्या व्यक्तीने स्वतःच तसं सांगितलं असेल तर एका माणसाला 'दे' म्हणतात, मेरियम-वेब्स्टर डिक्शनरीने २०१९ साली 'दे'लाच वर्षाचा शब्द ठरवलं होतं. आपण नाही का म्हणत, 'सर आले, ते म्हणाले'. आपलं ते मानाचं अनेकवचन आहे, त्यांचं कारण वेगळं, पण एकाला अनेक म्हणण्याची सवय आपल्याला नवी नाही. फक्त क्रियापद अनेकवचनीच ठेव, 'दे आर', 'दे इज' नाही.

राहिला क्लास. अप्पा बळवंत चौकातून चालत गेलीस तर तीस दिवसांत इंग्रजीचे बोर्ड मान वर न करता दिसतील, मी नाव एकाचंही सांगणार नाही. आधी महिनाभर वही आणि मेलबॉक्स कर. मग एक मेल मला टाक, इंग्रजीत, क्लायंटला लिहितेस तसाच, आणि त्यात चुका असू देत, मी लाल नाही करणार, माझ्याकडे हिरवं पेन आहे.

नेक्स्ट मंडेपासून सुरू कर. ऑन न लावता.

तुझी,
ताई